सकाळचं ध्यान संध्याकाळपर्यंत का पोचत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: "सहा महिने झाले, रोज सकाळी वीस मिनिटं ध्यानाला बसतो. कामावर शांत असतो, तिथले लोक म्हणतात, किती बदललास. पण संध्याकाळी घरी आलो की बायकोच्या साध्या वाक्यानंही डोकं फिरतं, आवाज चढतो आणि मग तासभर पश्चात्ताप. काल ती म्हणाली, 'तुझं ध्यान आसनाची घडी घातली की संपतं.' माझं ध्यान चुकतंय, की आमच्यातलं प्रेमच आटलंय?"

प्रेमाचं आधी बोलते, कारण ती धास्ती मनात ठेवून पुढचं वाचण्यात अर्थ नाही. चिडण्यावरून प्रेम मोजता येत नाही. ज्या माणसाच्या बोलण्यानं आपल्याला काहीच फरक पडत नाही, त्याच्यावर आपण चिडतही नाही. बघायचं ते दुसरंच. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून, त्यांच्या वादांचं चित्रण करून वर्षानुवर्षं अभ्यास केला. टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि भिंतीसारखं गप्प होणं या चार सवयी त्यांनी वेगळ्या काढल्या. नातं मोडण्याचा सगळ्यात मोठा इशारा त्यांना तुच्छतेत दिसला. बायकोच्या बोलण्याची नक्कल करणं, ती बोलत असताना डोळे फिरवणं, 'तुला काय कळतंय त्यातलं', तिच्या चुका चारचौघांत चवीनं सांगणं, ही तुच्छता. हे तुमच्याकडे होत असेल तर ध्यानाची वेळ आणि पद्धत बदलून भागणार नाही, दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावं. पण आवाज चढतो आणि मागाहून वाईट वाटतं एवढंच असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

तुमचं ध्यान चुकत नाहीये. तुम्ही एक कसब शिकताय आणि दुसऱ्याची अपेक्षा करताय, अडचण ही आहे. सकाळी डोळे मिटलेले असतात, कुणी बोलत नाही, कुणाला उत्तर द्यायचं नसतं. संध्याकाळी डोळे उघडे, समोर माणूस, आणि दोन सेकंदांत उत्तर हवं. शिवाय श्वासावरच्या ध्यानात एक गोष्ट नकळत पक्की होते: लक्ष विचलित झालं की श्वासाकडे परत यायचं. हा नियम तसाच घरी आणला की बायकोचं बोलणं म्हणजेच व्यत्यय ठरतो. बऱ्याच साधकांच्या बाबतीत मी हे पाहते. शांतता ही त्यांना कमावलेली ठेव वाटायला लागते आणि घरचे लोक ती लुटायला बसलेत असं वाटतं. म्हणजे चिडचिड ध्यानानं कमी व्हायच्या ऐवजी तिला एक नवं कारण मिळतं.

कामावर शांत आणि घरी भडका, याचं प्रचलित स्पष्टीकरण असं की दिवसभरात संयमाचा साठा संपतो. ते फार धरून बसू नका. इच्छाशक्ती इंधनासारखी संपते, ही कल्पना २०१६ मध्ये वीसहून जास्त प्रयोगशाळांनी एकत्र तपासली तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. जास्त पटणारी गोष्ट ही की कामावर तुम्ही शांत नसता, शांत दिसता. जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांतून हे चांगलं दिसलं आहे की भावना चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्यांच्या मनातली नकोशी भावना कमी होत नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढतो. दिवसभर ओठ आवळून काढलेले आठ तास तुम्ही अंगावर वागवत घरी येता. घरी पदही नाही, वरिष्ठही नाहीत, झाकण तिथेच उडतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्ही प्रश्नात लिहिलेल्या नाहीत. झोप सलग सहा तासांपेक्षा कमी होत असेल तर आधी ती सुधारा. अपुऱ्या झोपेवर केलेला कुठलाही सराव वाळूवरच्या रेघेसारखा. चिडचिड दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसभर राहत असेल, भूक-झोप बदलली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्य रडूनच दाखवतं असं नाही, पुष्कळदा ते चिडून दाखवतं, आणि थायरॉइड वाढल्यावरही माणूस असाच होतो. रोज संध्याकाळी दारू असेल तर तिचा हिशेब वेगळा. हात उगारला जात असेल, वस्तू फेकल्या जात असतील किंवा घरातलं कुणी तुम्हाला घाबरत असेल, तर प्रश्न सजगतेचा उरत नाही, सुरक्षिततेचा होतो, आणि मदत बाहेरून घ्यावी लागते. आणि एक शक्यता अशीही आहे की तुमची तक्रार खरी आहे. घरकामाची वाटणी, पैसे, कुणाच्या आईवडिलांकडे किती लक्ष, यांत काही खरोखर अन्याय्य असेल तर ध्यानानं तो न्याय्य होत नाही. मूग गिळून बसण्याला सजगता म्हणत नाहीत.

हे सगळं बाजूला ठेवून नेमकं घडतं काय ते जवळून पाहू. तुम्ही दारातून आत येता, बायको विचारते, "बिल भरलंस का?" पहिल्या सेकंदाला फक्त आवाज कानावर पडतो. दुसऱ्या सेकंदाला अंगात काहीतरी होतं: जबडा घट्ट, छातीत गच्च, कानशिलं गरम. हे नकोसं आहे एवढंच तिथे कळतं, शब्दांत अजून काही नाही. तिसऱ्या सेकंदाला मन त्या नकोशेपणाला गोष्ट जोडतं: 'म्हणजे मी काही करतच नाही.' चौथ्याला तोंडातून निघतं, "सगळं मीच लक्षात ठेवायचं का?" बायकोनं विचारलं बिलाचं, तुम्ही उत्तर दिलं तिसऱ्या सेकंदातल्या गोष्टीला. म्हणून तिलाही कळत नाही की एवढं काय झालं.

बौद्ध परंपरेत ही साखळी फार पूर्वी मांडून ठेवली आहे: स्पर्श (इथे, आवाज कानाला भिडणं), मग वेदना, मग तृष्णा (हवं ते ओढण्याची, नको ते ढकलण्याची धडपड). इथे वेदना म्हणजे दुखणं नव्हे. हवंसं, नकोसं किंवा दोन्ही नाही, अशा तीन प्रकारचा तो पहिला अंगभूत कौल. कामाची जागा हीच, दुसरं सेकंद. त्याच्या आधी काही करता येत नाही, कारण आवाज कानावर पडणारच. तिसऱ्यानंतर करायला गेलात तर स्वतःशी कुस्ती होते. बहुतेक लोक चौथ्या सेकंदावर मेहनत घेतात, म्हणजे 'बोलायचं नाही, बोलायचं नाही', आणि तिथे जबडा आणखी आवळला जातो. कामावरचीच दडपशाही घरी आली, एवढंच.

तेव्हा सरावाची विभागणी बदला. सकाळच्या वीस मिनिटांतली पहिली बारा आहेत तशीच श्वासावर. पुढची पाच मिनिटं डोळे अर्धे उघडून, कानावर पडणाऱ्या आवाजांवर: भांडी, पावलं, कुणाचं बोलणं. आवाजाला व्यत्यय न म्हणता तोच आलंबन, म्हणजे लक्ष टेकवण्याची जागा, धरायचा. शेवटची तीन मिनिटं तालीम. आदल्या दिवशीचं एक खटकलेलं वाक्य मुद्दाम आठवायचं आणि अंगात कुठे काय होतंय ते शोधायचं. जबडा, खांदे, पोट, तळहात, जे असेल ते. सापडलं की त्या जागेवर लक्ष ठेवून तीन लांब उच्छ्वास सोडायचे. वाक्य निवडताना त्रासाला दहापैकी गुण द्या आणि तीन-चार गुणांचंच घ्या. इथे हमखास चूक होते: लोक उत्साहानं नऊ गुणांचं जुनं भांडण उकरून काढतात, तीन मिनिटांची वीस होतात आणि सकाळीच पारा चढलेला. तसं झालं तर तालीम सोडा, पायांचा जमिनीला होणारा स्पर्श पाहा आणि उठा.

दुसरा बदल संध्याकाळचा. घरात पाऊल टाकण्याआधी तीन मिनिटं. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास, म्हणजे एकूण अठरा. उच्छ्वास लांब ठेवण्याला कारण आहे: श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात, घेताना वाढतात. अठरा झाले की स्वतःला तीन प्रश्न: भूक लागलीय का, किती दमलोय, कामावरचं काय अजून डोक्यात आहे. उत्तर दारातच सांगून टाका: "आज फार दमून आलोय, दहा मिनिटं दे, मग बोलू." यात दोन गोष्टी बिघडतात. एक, ती तीन मिनिटं फोन पाहण्यात जातात. फोन खिशात नको, बॅगेत. दुसरी, दहा मिनिटांचा तास होतो आणि दिवसभर घर सांभाळलेल्या माणसाला वाटतं की हा आणखी एक पळण्याचा मार्ग. म्हणून दहा म्हणजे दहाच, आणि अकराव्या मिनिटाला आपण होऊन तिच्यापाशी जायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे नेमक्या क्षणासाठी आधीच करून ठेवलेला बेत. 'आजपासून चिडणार नाही' हा संकल्प फोल ठरतो, कारण त्याला वेळ-जागा काही नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी मांडलेली जर-तर पद्धत इथे कामाची आहे: जर अमुक झालं, तर मी तमुक करीन. तुमच्यासाठी वाक्य असं होऊ शकतं: 'जबडा आवळला गेला, तर मी आधी पूर्ण उच्छ्वास सोडीन, मग बोलेन.' 'जर'च्या जागी अंगातली खूण ठेवा, तिचं वाक्य ठेवू नका. 'जर ती टोमणा मारेल' असं लिहिलंत की तुम्ही टोमण्याचीच वाट पाहत बसता, आणि वाट पाहणाऱ्याला तो सापडतोच. खूण एकच असू द्या. पाच खुणांचे पाच बेत केले तर ऐन वेळी एकही आठवत नाही.

उच्छ्वासानंतर भावनेला नाव द्या, एका शब्दात, मनातल्या मनात: चीड, लाज, दमणूक, भीती. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. त्या भावनेला शब्द निवडताना मेंदूतल्या अमिग्डाला या, धोक्याला चटकन प्रतिसाद देणाऱ्या भागाची खळबळ कमी दिसली. शब्द नेमका हवा. वरच्या बिलाच्या उदाहरणात मला तरी वाटतं तो शब्द 'राग' नसून 'लाज' असेल: भरायचं राहून गेलेलं असतं, आणि विचारलं गेल्यावर ते उघड होतं. लाज ओळखली की उत्तर आपोआप बदलतं, "राहिलं गं, आत्ता भरतो." नाव मोठ्यानं घ्यायचं तर स्वतःचं: "मी चिडलोय." "तू मला चिडवतेस" हे नाव देणं नव्हे, तो आरोप झाला. आणि कृपा करून बायकोला कधीही "तू आत्ता सजग नाहीस" असं म्हणू नका. ध्यान शिकलेल्या माणसाच्या हातातलं हे सगळ्यात वाईट हत्यार आहे, आणि शंभरातल्या शंभर वेळा उलटतं.

हे सगळं करूनही काही संध्याकाळी ठिणगी पडणारच. तेव्हा मनगटावर पंधरा सेकंद नाडी मोजा आणि चारनं गुणा. ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की ऐकून घेण्याची आणि विनोदाची क्षमता ढासळते, असं गॉटमन यांचं निरीक्षण. रोज धावणाऱ्या तंदुरुस्त माणसात हा आकडा ऐंशीच्या आसपासही असू शकतो. रक्तदाबासाठी ठोके मंदावणारी गोळी चालू असेल तर नाडीवर विसंबू नका, आवाजाची पट्टी बघा. या अवस्थेत वाद जिंकण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, विराम घ्या. याबाबतचा एक प्रयोग फार बोलका आहे. जोडपी भांडत असताना मधेच 'यंत्रात काही दुरुस्ती करायची आहे, तोवर विषय न काढता मासिकं वाचत बसा' असं सांगून त्यांना अर्धा तास थांबवलं गेलं. नंतर त्यांचे ठोके उतरले होते आणि तीच माणसं त्याच विषयावर जास्त समजुतीनं बोलली.

पण विराम आणि अबोला यांत फरक आहे, आणि तो न कळल्यामुळे ही चांगली गोष्ट अनेक घरांत बदनाम झालीय. अबोल्यात परत येण्याची वेळ नसते, समोरच्यानं झुरायचं असतं. विरामात जातानाच वेळ सांगायची असते: "माझा आवाज चढतोय. साडेआठला परत येतो, मग हेच बोलू." वीस मिनिटांपेक्षा कमी नको, कारण शरीर तेवढ्यात निवत नाही. चोवीस तासांच्या पुढे नको, कारण मग तो अबोलाच. जो विराम मागतो त्यानंच परत येऊन विषय काढायचा. मधल्या वेळात चाला, कपडे घड्या करा, काहीही हातांचं काम करा. पुढचे मुद्दे मनात रचत बसलात तर वीस मिनिटांनी तुम्ही शांत नाही, सज्ज होऊन परत याल. आणि ही व्यवस्था भांडण नसताना, आधीच दोघांनी ठरवून ठेवावी लागते. भर भांडणात पहिल्यांदा "मला विराम हवा" म्हटलंत तर ते पाठ फिरवणंच वाटणार.

आवाज चढलाच तर त्याच रात्री दुरुस्ती करा. तुमचा तासभराचा पश्चात्ताप तुमच्यापुरता आहे, तिला त्यातलं काही मिळत नाही. दोन-तीन वाक्यं पुरतात: मी काय केलं, तुला त्याचं काय झालं असेल, पुढच्या वेळी काय करीन. "मी दारातच ओरडलो. तू साधं विचारलं होतंस, तुला अपमान वाटला असेल. उद्या आल्यावर आधी दहा मिनिटं मागून घेईन." या तिन्हींत 'पण' हा शब्द येऊ देऊ नका. 'चुकलं माझं, पण तूही...' म्हटलं की आधीचं सगळं पुसलं जातं. तिच्या बाजूनं काही खरंच बोलायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी, स्वतंत्र. तिनं लगेच माफ केलं पाहिजे हीही अट नको.

भांडणाबाहेरच्या वेळेचं थोडक्यात. एका कडू प्रसंगामागे पाच गोड, हे प्रमाण तुम्ही ऐकलं असेल. ते मूळचं वाद चालू असतानाचं आहे, दिवसभराचं नव्हे. म्हणजे वादातच मान डोलावणं, 'हे तुझं बरोबर आहे', हलकं हसू, यांची संख्या. सकाळी पाच वेळा कौतुक करून संध्याकाळी एकदा ओरडायची ती सवलत नाही.

एक लिखाणाचा सराव मात्र जरूर करा, कारण तो अगदी स्वस्त आहे. एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १२० विवाहित जोडप्यांवरचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी सात मिनिटं लिहायला सांगितलं, वर्षाला फक्त एकवीस मिनिटं. अलीकडचा एक वाद दोघांचंही भलं चिंतणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या नजरेनं लिहायचा, तशी नजर ठेवायला ऐन वेळी काय आड येतं ते लिहायचं, आणि पुढे ती कशी साधता येईल ते लिहायचं. न लिहिणाऱ्यांचं समाधान घसरत राहिलं, लिहिणाऱ्यांची घसरण थांबली. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: लिहिणाऱ्यांची भांडणं संख्येनं कमी झाली नव्हती, त्यांचा जाच कमी झाला होता.

म्हणून प्रगती मोजताना 'आज भांडण झालं का' हे मोजू नका. एका छोट्या वहीत प्रत्येक खटक्याची एकच ओळ: किती वाजता, अंगात कुठे जाणवलं, किती मिनिटांत निवळलं, दुरुस्ती केली का. चार आठवड्यांनी वेळेचा रकाना पाहा. पुष्कळांचे खटके जेवणाआधीच्या एका ठरावीक अर्ध्या तासात गोळा झालेले दिसतात, आणि मग अर्धं उत्तर ध्यानात नाही, वेळेवर काहीतरी खाण्यात असतं. माझ्या अनुभवात आधी निवळण्याचा वेळ कमी होतो, मग आवाजाची पट्टी उतरते आणि सगळ्यात शेवटी खटक्यांची संख्या. पहिल्या दोन आठवड्यांत चिडणं वाढल्यासारखं वाटतं, कारण आता ते दिसू लागलेलं असतं. तिथे सोडू नका. आणि एकवीस दिवसांत सवय लागते यावरही विश्वास ठेवू नका. फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात साध्यासुध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त दारापाशीची तीन मिनिटं आणि वही. तिसऱ्या आठवड्यात सकाळची तालीम आणि एक जर-तर. विरामाचा करार मात्र या रविवारीच करून टाका.

राहिलं तिचं ते वाक्य, आसनाच्या घडीचं. तुम्ही ते टोमणा म्हणून लिहिलंय, मला ती तक्रारीत गुंडाळलेली मागणी वाटते: हा जो शांत माणूस सकाळी बसतो, तो मलाही भेटू दे. माझा अंदाज चुकूही शकतो, म्हणून तिलाच विचारा. शांत वेळ बघून, फोन बाजूला ठेवून: "परवा तू आसनाचं म्हणालीस, तेव्हा तुला कुठला प्रसंग आठवत होता?" ती सांगेल तेव्हा जबडा आवळला जाईलच. उच्छ्वास सोडा आणि त्या दिवशी उत्तर देऊ नका. तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत एकदा परत म्हणून, बरोबर कळलं का एवढंच विचारा.